‘आई, मी काय चूक केली?’

गेल्या अंकात एका पत्राला उत्तर देताना मी ओघात लिहून गेले होते की, शाळेतल्या समुपदेशकाकडे लहान मुलं ज्या नजरेने पाहतात ती नजर आपल्या लक्षातच येत नाही. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्यालाच द्यायचं ठरवलं. प्राथमिक शाळांमध्ये मी २४ वर्षं हे काम केलं. पुढे ज्या मुलांचे प्रसंग येतील त्यांची नावं दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. शब्द मात्र मुलांचेच आहेत. ते त्या त्या वेळी वहीत उतरवून ठेवायची सवय मला पहिल्यापासून होती.

प्रश्न : माझी मुलगी दुसरीत आहे. वर्गात फार गप्प असते म्हणून तिच्या बाईंनी तिला शाळेतल्या समुपदेशक मॅडमकडे पाठवलं. मॅडम छान बोलल्या, असं ती स्वतःच सांगते. पण त्या रात्री झोपताना तिने विचारलं, “आई, मी काय चूक केली?” आता शाळेत जायची वेळ झाली की पोटात दुखतं म्हणते. मॅडमकडे पाठवणं बंद करायला सांगू का?
— एक आई

उत्तर : बंद करायला सांगू नका. पण तिचा प्रश्न “काही नाही गं, झोप आता” म्हणून उडवूनही लावू नका, कारण तिने तो नीट विचार करून विचारला आहे. तिच्या बाकावर बसून बघा. वर्ग चालू आहे. शिपाई मावशी दारात चिठ्ठी घेऊन उभ्या राहतात. बाई चिठ्ठी वाचतात, मान वर करतात आणि एवढ्या मुलांमधून एकच नाव घेतात. आजवर असं नाव कुणाकुणाचं घेतलं गेलं? ज्याने काच फोडली त्याचं. ज्याने शेजारच्याला चावा घेतला त्याचं. सात वर्षांच्या मुलीजवळ एवढाच पुरावा आहे, आणि त्यावरून तिने जे ताडलं ते त्या पुराव्याला धरूनच आहे.

त्यात हे वयही असं असतं. जाँ पियाजे यांनी १९३२ साली मुलांच्या नैतिक विचारांबद्दल लिहिलं, त्यात सफरचंदं चोरून पळणाऱ्या मुलाची एक छोटी गोष्ट आहे. पळता पळता तो कुजक्या लाकडी पुलावरून जातो, पूल मोडतो आणि तो पाण्यात पडतो. चोरी न करता त्याच पुलावरून गेला असता तर पडला असता का, असं विचारल्यावर लहान मुलांपैकी बहुतेक जण ‘नाही’ म्हणाली. फळी कुजकी होती हे त्यांना दिसत होतं, पण चोरीची शिक्षा म्हणूनच पूल मोडला असं त्यांना वाटत होतं. जे वाईट घडतं ते माझ्याच कुठल्या तरी वागण्यामुळे, हा हिशोब या वयात पक्का असतो. आईबाबा भांडले तर माझ्यामुळे, आजी आजारी पडली तर मी खोटं बोलले म्हणून. मग आपलं नाव पुकारलं गेलं तर तेही आपल्याच कशामुळे तरी.

मी हे शिकले ते एका चित्रावरून. तिसरीच्या एका वर्गाला कोरे कागद वाटले आणि म्हटलं, “माझ्या खोलीचं चित्र काढा.” माझ्या खोलीत जाड सतरंजी होती, वाळूचा ट्रे होता, बाहुल्यांचं घर होतं. सगळं मी हौसेने जमवलेलं. मुलं ते काढतील अशी माझी अपेक्षा. एका मुलाने कागदाच्या वरच्या कोपऱ्यात नखाएवढी खोली काढली. उरलेला सगळा कागद व्हरांड्याने भरला होता. व्हरांड्याला खिडक्या, प्रत्येक खिडकीत दोन-तीन तोंडं, आणि सगळ्या तोंडांचे डोळे एकाच बाजूला वळलेले. मधून एक बारकासा मुलगा चालला होता. त्याला हात काढलेले नव्हते. “हा कोण रे?” मी विचारलं. “कुणीपण,” तो म्हणाला, “ज्याला बोलावलं तो.”

माझी सतरंजी त्या चित्रात कुठेच नव्हती. मूल माझ्या दारात येईपर्यंत त्याचं माझ्याबद्दलचं मत होऊन गेलेलं असतं, आणि ते घडवायला चिठ्ठी, व्हरांडा, खिडक्यांतले डोळे हे सगळे माझ्याआधी पोचलेले असतात, हे मला त्या दिवशी कळलं. त्यानंतर मी चिठ्ठ्या पाठवणं सोडून दिलं. शाळा सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात प्रत्येक वर्गातल्या प्रत्येक मुलाला, चार-चार जणांना एकत्र, खोली बघायला न्यायला लागले. हुशार, खोडकर, गप्प, सगळे. वाळूत हात घालायचा, बाहुल्यांच्या घराची दारं उघडून बघायची, दहा मिनिटांत परत. मग पुढे कधी एखाद्याला बोलावलं तरी वर्गाला त्यात नवल वाटत नसे, कारण सगळेच तिथे जाऊन आलेले. तुमच्या मॅडमना भेटा आणि असं काही करता येईल का ते विचारा. बहुतेक समुपदेशकांना हे करायला आवडतं, त्यांना फक्त वेळ मिळवून द्यावा लागतो.

घरी काय सांगायचं, तर असं काहीतरी : “तू काही चूक केलेली नाहीस. बाईंना वाटलं, तुझ्या मनात बरंच काही असेल. वर्गात एवढी मुलं असतात, बाईंना प्रत्येकाचं ऐकायला वेळ पुरत नाही. मॅडमचं कामच ऐकायचं आहे.” एवढं पुरे. आणि मग रोज घरी आल्यावर “आज मॅडमनी काय विचारलं? तू काय सांगितलंस?” असं खोदत बसू नका. तसं केलंत तर तिच्या दृष्टीने ती आणखी एक तोंडी परीक्षाच होऊन बसेल.

पोटदुखीचं म्हणाल तर आधी डॉक्टरांना दाखवा. त्यांना काही सापडलं नाही तरी ‘नाटक करते’ असं म्हणू नका. मनात भीती असली की लहान मुलांचं पोट खरोखरच दुखतं.

आणखी एक विनंती, ही सगळ्याच वाचकांना. “थांब, तुला मॅडमकडेच पाठवते” हे वाक्य घरातून आणि वर्गातून कायमचं हद्दपार करा. ते रागाच्या भरात एकदाच बोललं गेलं तरी मूल ते वर्षभर विसरत नाही.

प्रश्न : मी चौथीची वर्गशिक्षिका आहे. वर्गातल्या एका मुलाला दर आठवड्याला समुपदेशनासाठी सोडते. माझा गणिताचा तास बुडतो. परत आल्यावर “काय केलंस?” विचारलं की म्हणतो, “खेळलो.” दर वेळी तेच. आता बाकीची मुलंही म्हणायला लागली आहेत, “बाई, आम्हालापण पाठवा ना.” तिथे नक्की होतं तरी काय?
— एक शिक्षिका

उत्तर : तो खरं तेच सांगतोय, बाई. मोठ्या माणसाला मनातलं बोलायला शब्द असतात. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला जे होत असतं त्याला त्याच्याजवळ पुष्कळदा नावच नसतं. खेळात ते नावाशिवाय बाहेर येतं. व्हर्जिनिया ॲक्सलाइन यांनी १९४७ मध्ये खेळाच्या मदतीने मुलांवर उपचार करण्याची आठ तत्त्वं मांडली. त्यात एक असं आहे की वाट मुलाने दाखवायची आणि मोठ्याने मागून चालायचं. दुसरं, घाई करायची नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण शाळेच्या तासाच्या घंटेत हे पाळणं फार अवघड आहे.

माझ्याकडे पहिलीतला एक मुलगा येत असे. वर्गात पेंगतो, लक्ष देत नाही, अशी त्याच्याबद्दलची तक्रार. तो आला की थेट बाहुल्यांच्या घराकडे जायचा. सगळ्या बाहुल्यांना ओळीने झोपवायचा, माझा रुमाल मागून घेऊन त्यांच्या अंगावर पांघरायचा, कोपरे नीट दाबायचा. एक सगळ्यात छोटी बाहुली मात्र दाराशी उभी करायचा. चार आठवडे हेच. मी काही विचारलं नाही, नुसती शेजारी बसून रुमालाचं एक टोक धरायचे. पाचव्या आठवड्यात म्हटलं, “हा झोपत नाही वाटतं?” तो म्हणाला, “त्याला कडी बघायची असते.” मग रुमाल सारखा करत स्वतःच पुढे बोलला, “कडी वाजली तर बाबा गेले.” घरात रात्री भांडण झालं की वडील निघून जायचे, कधी पहाटे यायचे, आणि हा कडीच्या आवाजासाठी जागा राहायचा. सकाळी वर्गात पेंगणारच. पुढे त्याच्या आईवडिलांशी बोलणं झालं. वडील त्याच्याजवळ बसून म्हणाले, “मी बाहेर गेलो तरी परत येतो, आणि आल्यावर तुझ्या डोक्यावरून हात फिरवतो.” त्यानंतर काही आठवड्यांनी ती छोटी बाहुली रुमालाखाली गेली. तुम्ही त्या दिवशी त्याला “काय केलंस?” असं विचारलं असतंत तर तो तुम्हालाही हेच म्हणाला असता, “खेळलो.”

गणिताच्या तासाची तुमची तक्रार मात्र अगदी रास्त आहे. वर्ग पुढे गेला आणि आपण मागे राहिलो, हे मुलाला टोचतं, आणि तो राग तो समुपदेशनावर काढतो. दर आठवड्याला वेगळा तास घ्यायला सांगा. खेळाचा तास मात्र कधीच देऊ नका, मुलांच्या हिशोबी खेळाचा तास काढून घेणं म्हणजे शिक्षा. आणि तो परत आला की वर्गासमोर “काय केलंस?” विचारू नका. “आलास? बस, आपण त्रेचाळीस पानावर आहोत,” एवढंच म्हणा.

“आम्हालापण पाठवा” असं तुमची मुलं म्हणतात, ही मला या सगळ्या पत्रांमधली सगळ्यात आनंदाची ओळ वाटली. तुमच्या शाळेत त्या खोलीला अजून बट्टा लागलेला नाही.

प्रश्न : ताई, मी पाचवीत आहे. आमच्या शाळेत समुपदेशक मॅडम आहेत. त्या म्हणाल्या, तू मला काहीही सांगू शकतेस. पण मी सांगितलं तर त्या माझ्या आईला सांगणार ना? मोठी माणसं एकमेकांना सगळं सांगतात. माझी मैत्रीण म्हणते, त्यांच्याकडे एक वही आहे, त्यात सगळं लिहितात आणि मुख्याध्यापक सरांना दाखवतात. खरं काय ते सांगा.
— नाव नको

उत्तर : तुझं पत्र मी तीनदा वाचलं. मोठी माणसं एकमेकांना सगळं सांगतात, हे तू लिहिलंस. हे तुला उगीच वाटलेलं नाही, तू ते होताना पाहिलं असशील. मीसुद्धा एकदा तसं केलं आहे. काम सुरू करून मला दोनच वर्षं झाली होती. एका मुलीने मला सांगितलं की तिला अजून रात्री अंथरुणात शू होते. मी ते तिच्या बाईंना सांगितलं, चांगल्या हेतूने, त्यांनी तिला समजून घ्यावं म्हणून. बाईंनीही चांगल्याच हेतूने सहलीच्या आदल्या दिवशी वर्गात तिला हळूच काहीतरी सुचवलं. हळूच म्हणजे पहिल्या दोन बाकांना ऐकू जाईल इतकं. ती मुलगी पुन्हा कधी माझ्याकडे आली नाही. तिच्या वर्गातलंही कुणी त्या वर्षी आलं नाही. मी तिची माफी मागितली, तिने मान हलवली, पण ती आली नाही. आता ती मोठी झाली असेल. मला अजून तिची आठवण येते.

म्हणून आता नियम काय असतो ते तुला स्पष्ट सांगते. तू मॅडमना सांगितलेलं त्यांनी कुणाला सांगायचं नसतं. तुझ्या आईला नाही, बाईंना नाही, मुख्याध्यापक सरांनाही नाही. याला तीन अपवाद आहेत. कुणी तुला मारत असेल, त्रास देत असेल किंवा तुला नको असा हात लावत असेल, तर. तुला स्वतःलाच इजा करून घ्यावीशी वाटत असेल, तर. किंवा दुसऱ्या कुणाला इजा होणार आहे असं तू सांगितलंस, तर. या तीन वेळी त्यांना गप्प बसता येत नाही, कारण तुला किंवा त्या दुसऱ्या कुणाला सुरक्षित ठेवायला एकट्या मॅडम पुरत नाहीत. पण तेव्हाही त्यांनी आधी तुला सांगायला हवं की मी हे अमुक माणसाला सांगणार आहे, आणि काय शब्दांत सांगणार आहे. तुझ्या पाठीमागे नाही.

तू हे त्यांना सरळ विचारू शकतेस. “मॅडम, मी सांगितलेलं तुम्ही कुणाकुणाला सांगता?” असं विचारणं म्हणजे आगाऊपणा नाही. वहीबद्दलही विचार. मी माझ्याकडे आलेल्या मुलांना त्यांचं पान दाखवायचे. एका मुलाने तर “इथे ‘रागीट’ खोडा, ‘वैतागलेला’ लिहा” असं सांगून माझ्याकडून दुरुस्ती करून घेतली होती, आणि त्याचा शब्द जास्त बरोबर होता. जगातल्या जवळजवळ सगळ्या देशांनी मान्य केलेला मुलांच्या हक्कांचा एक करार आहे, १९८९ सालचा. त्याच्या १२व्या कलमात म्हटलं आहे की मुलाशी संबंधित गोष्टींमध्ये मुलाचं म्हणणं ऐकून घेतलं पाहिजे, आणि १६व्या कलमात म्हटलं आहे की मुलांनाही खाजगीपणाचा हक्क आहे. म्हणजे तू जे विचारते आहेस तो तुझा हक्कच आहे.

तरी खात्री वाटत नसेल तर आधी एखादी छोटी गोष्ट सांगून बघ. ती बाहेर फुटते का ते पंधरा दिवस पाहा. पुष्कळ मुलं असंच करतात. मला ते कळायचं आणि मला त्याचा कधी राग आला नाही. पण एक लक्षात ठेव. जर गोष्ट कुणी तुला त्रास देतंय अशी असेल, तर पंधरा दिवस थांबू नकोस. आजच सांग. मॅडमना, आईला, ज्या मोठ्या माणसाबद्दल तुला भरवसा वाटतो त्याला. त्याने नीट ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांग, आणि दुसऱ्यानेही नाही ऐकलं तर तिसऱ्याला.

प्रश्न : माझा नातू पहिलीत आहे. त्याच्या शाळेत समुपदेशक आहेत. आमच्या वेळी पुढे कुठला अभ्यासक्रम घ्यायचा, कुठली नोकरी धरायची हे सांगायला असं कुणी असायचं. पहिलीतल्या पोराला त्याचं काय? आणि घरात आजी-आजोबा असताना परक्या बाईंजवळ मन मोकळं करायची वेळ का यावी?
— एक आजोबा

उत्तर : आजोबा, तुमची आठवण बरोबर आहे. हे काम सुरू झालं तेच मुळी व्यवसाय मार्गदर्शनातून. फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ मध्ये बोस्टन शहरात तरुणांना योग्य काम निवडायला मदत करणारी कचेरी काढली, आणि पुढे बराच काळ शाळेतला मार्गदर्शक म्हणजे नोकरीची दिशा दाखवणारा माणूस अशीच समजूत राहिली. लहान मुलांच्या मनाचं काम त्यात नंतर आलं.

तुमचा दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. नातू तुमच्याजवळ सगळं का बोलत नाही? बहुधा तुम्ही त्याला फार आवडता म्हणून. मुलं घरच्या माणसांना जपतात. “मी रडलो तर आजीला बरं नाही वाटत,” असं मला एकाने सांगितलं होतं, तो सहा वर्षांचा होता. परक्या बाईंना वाईट वाटेल याची मुलांना तेवढी काळजी नसते, म्हणून तिथे बोलणं सोपं जातं. तुमची जागा कुणी घेत नाही. तुम्ही त्याच्या शेजारी नुसते बसून राहा.

प्रश्न : आमच्या शाळेत १,४०० विद्यार्थी आणि एक समुपदेशक आहेत. मनुष्यबळ कमी असल्याने त्या गैरहजर शिक्षकांचे तासही घेतात आणि शिस्त समितीवरही आहेत. मुलं स्वतःहून त्यांच्याकडे जात नाहीत. मुलांना त्यांचं महत्त्व पटवून द्यायला एखादं व्याख्यान ठेवावं का?
— एक मुख्याध्यापक

उत्तर : सर, व्याख्यान ठेवू नका. तुम्ही मनापासून विचारलं आहे, म्हणून मीही स्पष्ट लिहिते.

अमेरिकेतल्या शालेय समुपदेशकांच्या संघटनेची शिफारस २५० विद्यार्थ्यांमागे एका समुपदेशकाची आहे. त्या मापाने तुमच्या शाळेला पाच-सहा जण लागतील. ते उद्या होणार नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण शिस्त समितीवरून त्यांचं नाव काढायला एक पैसाही लागत नाही. ते याच आठवड्यात काढा.

हे मी इतक्या आग्रहाने का सांगते? मीही बदली तास घेतले आहेत. एका शुक्रवारी चौथीच्या वर्गावर गेले, वर्ग फार दंगा करत होता, मी ओरडले. सोमवारी त्याच वर्गातला एक मुलगा माझ्या खोलीच्या दारात उभा राहिला. तो नेहमी येणारा, आला की चपला काढून सतरंजीवर मांडी घालणारा. त्या दिवशी त्याने चपला काढल्या नाहीत. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, “आज तुम्ही खोलीतल्या ताई आहात की शुक्रवारच्या बाई?” मला त्याला पटवायला जवळजवळ महिना लागला. मोठ्या माणसाला कळतं की एकाच व्यक्तीची दोन कामं असू शकतात. सात-आठ वर्षांचं मूल माणसाला त्याच्या कामावरून ओळखतं. सकाळी ज्या बाईंनी नाव लिहून घेतलं त्यांनाच दुपारी मनातलं सांगायचं, हे त्याला जमत नाही, आणि ते जमावं अशी अपेक्षा करणं योग्यही नाही.

त्यांची खोली तुमच्या कार्यालयाला लागून आहे का? असेल तर वेगळीकडे हलवा. कार्यालयाबाहेरच्या बाकावर शिक्षेची वाट पाहणारी मुलं बसलेली असतात. त्याच बाकावर समुपदेशनासाठी आलेलं मूल बसलं की येणारे-जाणारे दोघांना एकाच नजरेने बघतात. ग्रंथालयाजवळची छोटीशी जागाही चालेल. तिथे मुलं जातात तेव्हा ती कशासाठी चालली आहेत हे बघणाऱ्याला कळत नाही.

आणि एक पेटी ठेवा, पत्रपेटीसारखी, फटीची. शिक्षकांच्या खोलीसमोर नको, पाण्याच्या नळांजवळ ठेवा, तिथे घोळका असतो आणि कुणी चिठ्ठी टाकली तर दिसत नाही. किल्ली एकट्या समुपदेशकांकडे. पेटी रोज उघडायची, एक दिवसही चुकवायचं नाही. चिठ्ठीत वर्ग आणि हजेरी क्रमांक एवढंच लिहिलं तरी चालेल असं मुलांना सांगा. मी पेटी लावली तेव्हा पहिले आठ दिवस त्यात खाऊचे कागद आणि एक मेलेला भुंगा निघाला. नवव्या दिवशी एक चिठ्ठी होती : “ताई मला बोलवा पण आत्ता नाही.” खाली क्रमांक. मी तीन दिवस थांबले आणि मग मैदानावर त्याच्याजवळ जाऊन नुसतं विचारलं, “आता?” तो म्हणाला, “उद्या.” आणि दुसऱ्या दिवशी खरंच आला.

प्रश्न : मी या वर्षीच प्राथमिक शाळेत समुपदेशक म्हणून रुजू झाले. दारावर पाटी लावली, वर्गावर्गात जाऊन माझं काम काय ते समजावून सांगितलं. तरी मुलं मला ‘रडक्यांच्या बाई’ म्हणतात. फार वाईट वाटतं. काय चुकतंय?
— एक नवी समुपदेशक

उत्तर : अगं, चुकत काही नाही, पण पाटीपासून सुरुवात करू. आपला शब्दच मुलांच्या दृष्टीने अवघड आहे. दुसरीतला एक मुलगा माझ्या दाराशी उभा राहून बोट ठेवत ठेवत वाचत होता, “स… मु… प… दे… श… क.” मग थांबून त्याने विचारलं, “म्हणजे तुम्ही उपदेश करता?” मी नाही म्हटलं. “मग तो शब्द आत का आहे?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. उपदेश त्याला घरी मिळत होता, वर्गात मिळत होता, प्रार्थनेच्या वेळी मिळत होता. त्यासाठी आणखी एका खोलीत कशाला जायचं? मी पाटी तशीच ठेवली आणि तिच्याखाली कान काढलेला एक कागद चिकटवला.

काम समजावून सांगून या वयाला कळत नाही. ती तुला बघून ठरवतात. माझी किती तरी नावं होती. वाळूच्या ताई. गोष्टीच्या बाई. एका वर्गात माझं नाव ‘कसं-वाटलं मॅडम’ होतं, कारण मी सारखी तेच विचारायचे, आणि ते कळल्यावर मी तो प्रश्न विचारणं पुष्कळ कमी केलं. तुला ‘रडक्यांच्या बाई’ म्हणतात, कारण आजवर त्यांनी तुझ्या खोलीतून फक्त डोळे लाल झालेली मुलं बाहेर येताना पाहिली आहेत. त्यांना दुसरं काहीतरी दिसू दे. मधल्या सुट्टीत खोलीत बसू नकोस, मैदानावर जा. दोरीच्या उड्यांची दोरी धर. आठवड्यातून एक तास मागून घे आणि एकेका वर्गाला गोष्ट सांग, त्या गोष्टीत राग, हेवा, भीती सगळं येऊ दे, आणि शेवटी तात्पर्य सांगू नकोस. ज्याला आनंदाचं काही सांगायचंय त्यानेही यावं, असं सांग. माझ्याकडे एक मुलगी दात पडला की दाखवायला यायची, फक्त तेवढ्यासाठी. तिच्यामागून तिच्या मैत्रिणी आल्या, आणि त्यातली एक दात दाखवून झाल्यावर तिथेच बसून राहिली.

खोलीतून बाहेर पडायच्या आधी रडलेल्या मुलाला पाच मिनिटं दे. तोंड धुवायला पाणी, पुसायला स्वच्छ कापड आणि थोडा वेळ वाळूत बोटं फिरवायला. वर्गात परतताना त्याचं तोंड कसं दिसतं याची काळजी त्याला तुझ्यापेक्षा जास्त असते.

आणि दिवाळीच्या सुट्टीआधी एकदा तू पण कोरे कागद वाट. ‘माझ्या खोलीचं चित्र काढा’ एवढंच सांग. नावं घालायला सांगू नकोस. कुणी व्हरांडा काढला तर खिडक्या मोज.